पुढच्या तारखेचा कागद: सोलापूरच्या बाजारात चेक अजून का चालतो

फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीतला एक चेक देशभर गाजला. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं दहा पोती कांदा आणला होता. वजन भरलं ५१२ किलो, भाव लागला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हिशेबाच्या पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. वरचे पैसे सोडून व्यापाऱ्यानं २ रुपयांचा चेक लिहून दिला. लोक चिडले ते रकमेवर, आणि चिडण्यासारखंच होतं ते. पण त्या चेकवरची तारीखही पुढची होती, साधारण पंधरा दिवसांनंतरची. म्हणजे दोन रुपयेसुद्धा मुदतीनं.

पट्टी आणि चेक संगणकातून निघतात, असं स्पष्टीकरण तेव्हा दिलं गेलं. ते खरंही असेल. मात्र संगणकात ती पंधरा दिवसांची सवय कुणीतरी घातलेली असते. रोजच्या देण्याघेण्यात कागदी चेकचा आता उपयोग उरला आहे का, असं कुणी विचारलं तर रकमेपेक्षा त्या तारखेकडे आधी बघायला हवं. सोलापुरात चेक भाजी-किराण्यासाठी कधी चाललाच नाही. तो चालला उधारीसाठी.

ही उधारी चेकपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८६० च्या सुमारास इथं रेल्वे आली आणि १८७७ मध्ये ज्या गिरणीला आजही आपण ‘जुनी गिरणी’ म्हणतो ती उभी राहिली. कापूस, सूत, धान्य यांचा व्यापार तेव्हा हुंडीवर होता. हुंडीचे दोन ढोबळ प्रकार: दाखवताक्षणी पैसे द्यायचे ती दर्शनी, आणि ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती. दुसऱ्या गावी रोकड न नेता पैसे पोचवायला दर्शनी उपयोगी पडायची, माल उचलून विकून मग पैसे द्यायला मुदती. पेढीची पत हाच तिचा आधार.

इंग्रज सरकारनं १८८१ मध्ये परक्राम्य दस्तऐवजांचा कायदा केला, तो १ मार्च १८८२ पासून लागू झाला. या कायद्यानं हुंडीला हात लावला नाही. देशी भाषांतल्या कागदांबाबत स्थानिक रिवाज चालू राहतील असं पहिल्याच कलमात म्हटलं. चेकची व्याख्या मात्र त्यानं काटेकोर केली: अमुक बँकेवर काढलेला आणि मागताक्षणी पैसे द्यायचे, याशिवाय दुसरी अट नसलेला कागद. कायद्याच्या पुस्तकात चेक हा असा दर्शनी जातीचा आहे. बाजारानं त्याला मुदती करून टाकला, आणि पुढची सगळी गुंतागुंत यातून झाली.

बाजारानं असं का केलं, याची एक कारणमीमांसा मुद्रांकात सापडते. चेकवरची स्टॅम्प ड्युटी १९२७ मध्ये उठली. मुदतीच्या हुंडीवर ती राहिली. तीन महिन्यांनी पैसे द्यायचे असतील तर स्टॅम्पचा हुंडीपेपर आणा, किंवा साध्या चेकवर तीन महिन्यांनंतरची तारीख टाका. व्यापारी माणूस काय करेल हे सांगायला नको.

तरी चेक सर्वांपर्यंत पोचायला फार वर्षं गेली. गिरणीचा पगार रोखीत व्हायचा. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, पूर्व भागात यंत्रमाग वाढले, घराघरांत विड्या वळल्या जात राहिल्या. तिथली मजुरी आठवड्याची आणि हातात मिळणारी. तिथं चेक म्हणजे अडचणच. तो भरायला बँकेत जायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि आठवडा बाजार चेकसाठी थांबत नाही. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शाखा वाढल्या, नागरी सहकारी बँका आणि पतसंस्था गल्लोगल्ली आल्या, तेव्हा दुकानदार, कारखानदार आणि नोकरदार यांच्या हातात चेकबुक आलं. मजुराच्या हातात आलं नाही ते नाहीच.

ज्यांच्याकडे आलं त्यांनाही ते सोपं नव्हतं. रिझर्व्ह बँकेचं कार्यालय नसलेल्या गावांत क्लिअरिंग हाऊस चालवायचं काम बहुधा स्टेट बँकेकडे असायचं. बँकांचे कारकून चेकचे गठ्ठे घेऊन तिथं जमायचे, एकमेकांचे चेक अदलाबदल करायचे, बेरजा जुळवायचे. गावातला चेक वटायला दोन-तीन दिवस लागायचे. बाहेरगावचा असला तर तो टपालानं त्या शाखेत जायचा, तिथून पैसे यायचे, वर बँक कमिशन कापायची. हैदराबादच्या दुकानदाराचा चेक इथल्या चादरवाल्याच्या खात्यात जमा व्हायला दोन-तीन आठवडे लागले तर त्यात विशेष काही नव्हतं. म्हणून अनोळखी गिऱ्हाइकाकडून डिमांड ड्राफ्ट मागायचे आणि ओळखीच्याकडून चेक घ्यायचे. चेक घेणं ही ओळख दाखवायची रीत होती.

ओळख तुटली की मात्र हातात फार काही उरत नसे. चेक परत आला तर दिवाणी दावा लावा, नाहीतर फसवणुकीची फौजदारी करा आणि समोरच्याच्या मनात पहिल्यापासून खोट होती हे शाबीत करा. १ एप्रिल १९८९ पासून हे चित्र पालटलं. १८८१ च्या कायद्यात नवं प्रकरण घालून कलम १३८ आलं. देण्यापोटी दिलेला चेक पैशाअभावी परत आला तर तो गुन्हा. वर्षभरापर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २००३ पासून कैदेची मर्यादा दोन वर्षं झाली आणि चेक परत आल्यावर नोटीस पाठवायची मुदत पंधरावरून तीस दिवसांवर गेली. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले तर विषय मिटतो.

माझ्या मते चेकच्या भारतातल्या इतिहासात याहून मोठी घटना नाही. बँकेतल्या यंत्रांनी चेक वेगवान केला, पण त्याला दात दिले ते या कलमानं. उधारीचा साधा कागद आता तुरुंगाची भीती घेऊन फिरू लागला. पुढच्या तारखेचा चेक त्या तारखेपर्यंत कायद्यानं चेक नसतोच, तोवर तो हुंडीसारखा विनिमयपत्र असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९३ मध्ये स्पष्ट केलं. बाजाराची जुनी खोड अशी कायद्याच्या भाषेतही बसली. मग सूत व्यापारी विणकराकडून, पतसंस्था कर्जदाराकडून, वाहनकर्ज देणारे हप्त्यांपोटी चेकचे गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवू लागले. कोरा सही केलेला ‘सिक्युरिटी चेक’ ही त्यातली सगळ्यात वाईट प्रथा. कर्ज फेडूनही तो परत मागायला लोक विसरतात, आणि त्यावर वाटेल ती रक्कम भरली गेली की भांडत बसतात.

‘आत्ता टाकू नका, मी फोन करतो मग टाका’ हे वाक्य चाटी गल्लीपासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत ज्यानं ऐकलं नाही त्यानं सोलापुरात धंदा केलेला नाही.

भीतीचं हे हत्यार किती वापरलं गेलं ते न्यायालयांतल्या आकड्यांवरून दिसतं. २०१९ च्या अखेरीस देशात सुमारे २ कोटी ३१ लाख फौजदारी खटले तुंबले होते, त्यांतले ३५ लाख १६ हजार एकट्या कलम १३८ चे. सोलापुरासारख्या परगावी माल धाडणाऱ्या शहराला त्यात एक वेगळा फटका बसला. १ ऑगस्ट २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की खटला चेक देणाऱ्याची बँक जिथं आहे तिथंच चालेल. म्हणजे टॉवेल सोलापुरात विणला, विकला, चेक सोलापुरात भरला, पण तो परत आला तर वकील शोधायचा गिऱ्हाइकाच्या गावी. लाखभराच्या येण्यासाठी कोण परराज्यात तारखा करणार? ओरड झाली आणि जून २०१५ मध्ये अध्यादेश काढून सरकारनं हे उलटवलं. त्याच वर्षाच्या शेवटी तसा कायदाही झाला. आता चेक ज्याच्या खात्यात भरला त्याच्या शाखेच्या गावी खटला चालतो. पुढे २०१८ च्या दुरुस्तीनं खटला चालू असतानाच रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत हंगामी भरपाई देववायची सोय झाली.

इकडे चेकचा कागदही बदलत गेला. सीटीएस म्हणजे चेक ट्रंकेशन पद्धत दिल्लीत २००८ मध्ये, चेन्नईत २०११ मध्ये आणि मुंबईत २०१३ मध्ये सुरू झाली. कागद शाखेतच थांबू लागला आणि त्याचं चित्र तेवढं पुढे जाऊ लागलं. सप्टेंबर २०२१ पर्यंत देशातल्या सगळ्या शाखा त्यात आणायचं ठरलं होतं. खाडाखोड करून वर सही ठोकायची जुनी सोय गेली, तारखेपुरती सवलत राहिली. चेकचं आयुष्य १ एप्रिल २०१२ पासून सहा महिन्यांवरून तीनवर आलं. जानेवारी २०२१ पासून ५० हजार आणि वरच्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवून ठेवायची ‘पॉझिटिव्ह पे’ सोय आली. पाच लाख आणि वर बँक ती सक्तीची करू शकते. दुकानाच्या गडबडीत हे कळवायचं राहून जातं आणि चांगला चेक परत येतो, ही नवी कटकट.

पैसे पाठवण्याचं काम मात्र चेकच्या हातून निसटलं होतं. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी, २०१० मध्ये आयएमपीएस, २०१६ मध्ये यूपीआय. नोटाबंदीनंतर नव्या पेठेतल्या हातगाडीवरही क्यूआर कोड लागला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकार चेकबुकच बंद करणार अशी आवई उठली आणि अर्थ मंत्रालयाला खुलासा करावा लागला. बंद करायची गरजच पडली नाही, लोकांनी आपणहून सोडलं. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे ६६ कोटी चेक वटले आणि त्यांची रक्कम ७२ लाख कोटींच्या आसपास होती, म्हणजे सरासरी चेक लाखाहून मोठा. त्याच वर्षी यूपीआयच्या व्यवहारांची संख्या १३ हजार कोटींवर गेली. तिथली सरासरी दीड हजार रुपये. दीड हजारासाठी चेक लिहिणारा माणूस आता सोसायटीच्या मेंटेनन्सपुरता, नाहीतर देवस्थानाच्या देणगीपुरता सापडतो. आणि पेन्शनर आजोबा ‘सेल्फ’ लिहून काउंटरवर देतात. बाकी घरातल्या चेकबुकाची निम्मी पानं दोन तिरप्या रेघा मारून ‘कॅन्सल्ड’ लिहिण्यात संपतात, केवायसीसाठी.

हप्त्यांचे गठ्ठेही गेले. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना हप्त्यांसाठी पुढच्या तारखेचे चेक घेणं थांबवून ईसीएस, म्हणजे खात्यातून हप्ता परस्पर वळता करायची संमती, घ्यायला सांगितलं. देयक व्यवस्थांच्या २००७ च्या कायद्यानुसार असा इलेक्ट्रॉनिक हप्ता पैशाअभावी परत गेला तरी शिक्षा कलम १३८ सारखीच आहे. अनेकांना हे ठाऊकच नसतं.

राहिला व्यापाराचा चेक. यूपीआयनं पैसे आत्ता जातात. पण सूत उचलणाऱ्याकडे पैसे आत्ता नसतातच, ते चादर विकल्यावर येणार. त्याला हवी असते मुदत आणि सूत देणाऱ्याला हवा असतो सहीचा पुरावा. या दोघांची गरज एका पानावर भागते. आता या मुदतीवरही दोन बाजूंनी दाब येतोय. २०२३-२४ या वर्षापासून प्राप्तिकर कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं देणं जास्तीत जास्त ४५ दिवसांत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायला भाग पाडलं. नाही केलं तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही. नव्वद दिवसांच्या उधारीवर चालणाऱ्या कापड बाजारात यावरून बरीच ओरड झाली. मोठं गिऱ्हाईक लघु उत्पादकाकडून घेणं टाळून दुसरीकडे वळेल ही भीती यंत्रमागवाल्यांना वाटते, आणि ती अगदीच पोकळ नाही.

दुसरा दाब वेगाचा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सलग वटू लागले. सुरुवातीला ठरलेल्या वेळेनुसार सकाळी १० ते दुपारी ४ दरम्यान भरलेला चेक स्कॅन होऊन लगेच पुढे जातो आणि समोरच्या बँकेनं संध्याकाळी ७ पर्यंत हो-नाही कळवायचं. न कळवल्यास तो मंजूर धरला जातो. आज चेक द्यायचा आणि उद्या खात्यात भरणा करायचा, हा जुना खेळ त्यानं मोडला. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला तारीख पुढचीच टाकावी लागते.

मुदतीच्या देण्याला इलेक्ट्रॉनिक पर्याय नाही असंही नाही. २०१७ पासून ट्रेड्स नावाची व्यवस्था चालू आहे. लघु उत्पादकाचं बिल खरेदीदारानं तिथं मान्य केलं की बँका त्यावर आगाऊ पैसे देतात. मुदती हुंडी वटवण्याचाच हा प्रकार, फक्त पडद्यावर. पण नोंदणीची सक्ती आहे ती २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना. सोलापूरची चादर घेणारं विजापूरचं किंवा गुलबर्ग्याचं दुकान त्यात कुठून असणार? तो दुकानदार माल मोटारीत चढला की तारीख विचारून चेक फाडतो.