झडप अडकली, की फक्त पाइप फाटला?

कसारा घाट चढून नाशिककडे येताना भरलेली गाडी पिकअप घेईनाशी होते, इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनरवर कोड येतो पी २००४. ‘मॅनिफोल्डच बदलावं लागेल,’ असं ऐकलं, तर लगेच हो म्हणू नका. इनटेक मॅनिफोल्डमधली झडप उघडीच राहिली, एवढंच तो कोड सांगतो. ती का राहिली, हे शोधावं लागतं.

मॅनिफोल्ड म्हणजे प्रत्येक सिलिंडरला हवा पोचवणाऱ्या नळ्या. इंजिन हळू फिरतं तेव्हा हवाही संथ असते. नळाच्या तोंडावर बोट धरलं की पाणी जोरात उडतं, तशी झडप वाट अरुंद करते. हवा भोवरा घेत आत शिरते आणि इंधनात चांगली मिसळते. आरपीएम वाढले की वाट पूर्ण मोकळी हवी. म्हणून झडप उघडी अडकली तर कमी आरपीएमला ताकद जाते. बंद अडकली तर वरच्या आरपीएमला गाडी गुदमरते, डिझेल असेल तर काळा धूरही सोडते.

जाम होण्याचं मुख्य कारण काजळी. ईजीआरमधून (जळालेला धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) परत आलेला धूर आणि क्रँककेसमधली (इंजिनचा खालचा भाग) तेलाची वाफ एकत्र आली की डांबरासारखा चिकट थर बसतो.

तपासणी मात्र बाहेरून आत करावी. झडप व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, चालणारी असेल तर आधी रबरी पाइप वाकवून बघा. बारीक चीर तेव्हाच दिसते. मग अ‍ॅक्च्युएटरला, म्हणजे दांड्याने झडप फिरवणाऱ्या डबीला, व्हॅक्यूमचा हातपंप लावा. पंपाचा काटा खाली घसरला तर आतला पडदा फाटलाय. काटा टिकला पण दांडा हलला नाही, तर इंजिन बंद ठेवून दांडा सुटा करा आणि झडप हाताने फिरवा. सहज फिरली तर दोष अ‍ॅक्च्युएटरचा. दांडा हलतो पण झडप नाही, असंही होतं: टोकाचा प्लास्टिकचा सांधा झिजून निसटलेला असतो. या दोषांसाठी मॅनिफोल्ड खोलायची गरजच नसते.

झडप खरंच घट्ट असेल तर मॅनिफोल्ड उतरवूनच साफ करावं. चालू इंजिनात क्लीनर मारू नये, सुटलेला कार्बनचा तुकडा थेट सिलिंडरमध्ये जाऊ शकतो. झडपेचा शाफ्ट खुळखुळत असेल तर साफसफाईवर भागवू नका. पाती तुटून आत पडली तर अख्खं इंजिन खोलावं लागेल. बसवताना गॅस्केट नवीन घ्या. ईजीआर व्हॉल्व्हही त्याच वेळी साफ करून घ्या, नाहीतर काजळी पुन्हा तिथेच साठेल.