पाऊस अडवणारं शेततळं आणि उपसा साठवणारं शेततळं

गावात किती शेततळी झाली, हे सांगताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मोजल्या जातात. दोन्ही म्हणजे चौकोनी खड्डा आणि भोवती मातीचा बांध. पण एकातलं पाणी शेतावरून वाहून जाणाऱ्या पावसाचं असतं, दुसऱ्यातलं विहिरीतून किंवा बोअरमधून मोटारीनं वर आणलेलं. दुष्काळी तालुक्यासाठी पहिलं शेततळं पाण्यात भर घालतं. दुसरं, आहे ते पाणी एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतं.

पहिलं कोरडवाहू शेतीच्या संशोधनातून आलं. हैदराबादची केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्था आणि आपली कृषी विद्यापीठं याची शिफारस करत आली आहेत. जागा शेताच्या खालच्या अंगाला, जिथे उताराचं पाणी आपसूक गोळा होतं. पाणी आत यायला तोंड, त्याआधी गाळ बसायला लहान खड्डा आणि जादा पाणी सुरक्षित बाहेर पडायला सांडवा. या तीन गोष्टी दिसल्या की हे तळं पावसासाठी खोदलंय, हे ओळखावं.

त्याचं काम मर्यादित पण मोलाचं आहे. ऑगस्टमध्ये पावसानं खंड दिला आणि सोयाबीन नेमकं शेंगा भरण्याच्या अवस्थेत असलं, तर एक पाणी मिळणं न मिळणं यावर हंगाम ठरतो. एका हेक्टरला ५ सेंटिमीटरचं एक पाणी द्यायला ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर लागतात. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, एकास एक उताराच्या बाजूंचं तळं पूर्ण भरलं तर सुमारे २,२०० घनमीटर पाणी साठतं. पाझर आणि बाष्पीभवन वजा जाता दोन-तीन पाणी निघतात. जे मुरलं ते विहिरींना मिळतं, त्यामुळे पाझराला निव्वळ तोटा म्हणता येत नाही.

बदलत्या हवामानात या तळ्याची गरज वाढलीय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. पाऊस असा एकदम कोसळला की जमिनीत मुरायला वेळच मिळत नाही. तो अडवून पुढच्या खंडात वापरता आला, तर त्याचा उपयोग.

आता दुसरं. शेतकरी त्याला कागदाचं शेततळं म्हणतात, कारण तळाला आणि बाजूंना प्लास्टिकचा जाड कागद अंथरलेला असतो. द्राक्ष, डाळिंब, मोसंबी या बागांच्या पट्ट्यात हीच जास्त दिसतात. चारही बाजूंनी बांध जमिनीच्या वर उचललेला असतो, त्यामुळे शेतावरून वाहणारं पाणी आत शिरूच शकत नाही. काठावरून आत सोडलेला पाइप मात्र हमखास असतो.

त्याचा हिशेब मांडून पाहा. ९०० चौरस मीटरच्या तोंडावर वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस थेट पडला, तर ५४० घनमीटर पाणी मिळतं. तळ्याचा जेमतेम एक चतुर्थांश. बाकीचं भूगर्भातून येतं. जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेलं पाणी आपण उन्हात आणून पसरतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाष्पीभवन दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास धरलं, तर भरलेल्या तळ्यातून रोज ९,००० लिटर उडून जातात. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या निकषानं हे १६० माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं.

यात शेतकऱ्याला दोषी धरणं मला अन्यायाचं वाटतं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना भागात मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांना त्या तोडून सरपण करावं लागलं. दहा वर्षं लेकरासारखी वाढवलेली बाग ज्यानं अशी गमावली, तो पुढच्या वेळी पाणी साठवणारच. शिवाय भूजल सगळ्यांचं सामाईक, पण उपशावर कुणाचा धरबंध नाही. आपण नाही उपसलं तर शेजारी उपसणार, ही भीती खरी आहे. तळं बांधायची ऐपत नसलेल्याची विहीर मात्र लवकर कोरडी पडते आणि त्याची बाजू कुणी मांडत नाही.

प्रत्येक कागदाचं तळं घातक असतं, असंही नाही. जालना तालुक्यातल्या कडवंचीत द्राक्षबागा अशाच तळ्यांवर उभ्या आहेत, पण तिथे आधी पाणलोटाची कामं झाली, मग तळी आली. मुरवलं आधी, उपसलं नंतर. हा क्रम उलटा झाला की गावाचा ताळेबंद बिघडतो.

दुसरी बाब वेळेची. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टवर आहे. त्याच्या वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरांत पाणी मावतंच थोडं. चांगल्या पावसात हे थर भरतात आणि जादाचं पाणी ओढ्यांना लागून निघून जातं. तेव्हा, विहीर तुडुंब असताना, तळं भरून घेतलं तर तेवढी जागा पुढचा पाऊस भरून काढू शकतो. जानेवारीत त्याच विहिरीतून तळं भरलं, तर ते पाणी गावाच्या पिण्याच्या विहिरीच्या वाट्याचं असतं. खोल बोअर मारून भरलं, तर नुकसान आणखी मोठं. २०१४ पासून अमलात आलेल्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरी घेऊ नयेत, अशी मर्यादा आहे. बोअरची गाडी शिवारात येते तेव्हा तिला हे विचारायला सहसा कुणी नसतं.

म्हणून शेततळ्याला अनुदान देताना आकारासोबत तीन प्रश्न विचारायला हवेत: पाणी कुठून येणार, कोणत्या महिन्यात भरणार आणि त्यावर कोणतं पीक उभं राहणार? पावसाच्या तळ्याला तोंड आणि सांडवा आहे का, हे जागेवर जाऊन बघता येतं. उपशाच्या तळ्याचा भार ग्रामसभेत मांडल्या जाणाऱ्या पाण्याच्या ताळेबंदात खर्चाच्या बाजूला लिहायला हवा. आणि कागदाच्या तळ्याला कुंपण, आत सोडलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब हवीच. निसरड्या कागदावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही आणि अशा तळ्यांत मुलं बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.