प्लेट बसली म्हणजे हाड जुळलं नव्हे

27 जून 2013, गुरुवार. नेदरलँड्समधल्या आसेनच्या ट्रॅकवर पाऊस होता आणि मोटोजीपीचा, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक स्पर्धेचा, सराव चालू होता. आधीच्या वर्षीचा जगज्जेता, यामाहाचा होर्हे लोरेन्झो ओल्या ट्रॅकवर घसरला आणि डावी कॉलरबोन मोडून घेऊन उठला. त्याच संध्याकाळी तो विमानाने बार्सिलोनाला गेला. रात्रीतून शस्त्रक्रिया झाली, हाडावर टायटॅनियमची प्लेट आणि स्क्रू बसले. शुक्रवारी तो आसेनला परत आला आणि शनिवारी दुपारी बाराव्या जागेवरून शर्यतीला उभा राहिला. शस्त्रक्रियेला दीड दिवसही उलटला नव्हता. त्याने 26 फेऱ्या पूर्ण केल्या, पाचवा आला, 11 गुण मिळवले आणि गाडीवरून उतरताना वेदनेने अक्षरशः कोलमडला.

आपल्याकडे दुचाकीवरून पडून कॉलरबोन मोडलेला माणूस घरटी नाही तरी गल्लोगल्ली सापडतो. गळ्यात झोळी, सहा आठवडे आराम, 'गाडीला हात लावायचा नाही' अशी डॉक्टरांची तंबी. मग लोरेन्झोचं हाड काही वेगळं होतं का? मुळीच नाही. त्याचंही हाड तेवढेच आठवडे घेणार होतं. पण विजेतेपदाच्या वेळापत्रकाला हाडाशी काही देणंघेणं नसतं. आसेननंतर पंधरा दिवसांनी जर्मनी, त्यानंतर आठवड्याने अमेरिका. ही दोन वेळापत्रकं एकमेकांना छेदतात तिथे काय घडतं, ते समजून घ्यायला 2013 चा मोसम फार उपयोगी आहे.

आधी हाडाचं बघू. दंड आणि खांदा यांना छातीच्या पिंजऱ्याशी हाडाने जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे कॉलरबोन. बाकी सगळं स्नायूंवर तोललेलं असतं. हे हाड इंग्रजी 'एस'सारखं वळलेलं असतं आणि मधल्या एक तृतीयांश भागात सर्वांत बारीक असतं. बहुतेक फ्रॅक्चर तिथेच होतात. खांद्यावर आपटलात किंवा हात टेकून पडलात, तरी धक्का याच हाडातून छातीकडे जातो. 2018 पासून मोटोजीपीच्या, इंजिनाच्या आकाराप्रमाणे पाडलेल्या, तिन्ही वर्गांत सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे. सूटमधले सेन्सर पडण्याची हालचाल ओळखतात आणि रायडर जमिनीला टेकायच्या आत खांद्याभोवतीची पिशवी फुगवतात. थेट आपटण्याचा मार त्यामुळे बराच कमी होतो. हातातून वर येणारा धक्का मात्र एअरबॅगला अडवता येत नाही. कॉलरबोनच्या बातम्या म्हणूनच अजून थांबलेल्या नाहीत.

हाड मोडलं की तिथे आधी रक्त साखळतं. त्यात पेशी जमतात, मऊ कूर्चेसारखा पूल तयार होतो, मग त्यात कॅल्शियमचे क्षार भरत जाऊन तो पूल कडक होतो आणि शेवटी कित्येक महिने शरीर त्याची कोरीव दुरुस्ती करत राहतं. या क्रमात घाई करण्याचा उपाय अजून तरी कुणाकडे नाही. मग प्लेट काय करते? प्लेट फक्त दोन्ही टोकं घट्ट धरून ठेवते. फटीतली हालचाल किती आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. फट तिच्या रुंदीच्या दोन टक्क्यांहूनही कमी हलत असेल तर हाड थेट जुळतं. दोन ते दहा टक्के हलत असेल तर कूर्चेचा पूल आधी बांधावा लागतो. त्याहून जास्त हलत राहिली तर नवीन पेशींना तिथे तगच धरता येत नाही आणि हाड धरत नाही.

इथे शर्यतीची गाडी मध्ये येते. मोटोजीपीचा रायडर सरळ पट्ट्यात ताशी 300 किलोमीटरच्या पुढे असतो आणि वळणाआधी काही सेकंदांत वेग उतरवतो. त्या वेळी मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, गुरुत्वाकर्षणाच्या दीडपटीपर्यंत जातं. म्हणजे 65 किलोचा रायडर जवळजवळ 100 किलो वजनाच्या जोराने पुढे ढकलला जातो. यातलं थोडं गुडघे टाकीला आवळून पेलतात, उरलेलं मनगट, कोपर, दंड, खांदा या वाटेने कॉलरबोनवर येतं. एकदा नाही, फेरीत सात-आठ वेळा, आणि फेऱ्या वीस-पंचवीस. शिवाय किमान 157 किलोची गाडी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झटक्यात लोळवायची असते, ती हँडल ढकलून-ओढूनच. प्लेटमुळे रायडर हे सगळं करू शकतो, कारण तो भार आता धातू वाहतो. पण तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका क्षणी तुटते, तसाच धातूही वारंवारच्या ताणाने थकतो. हाड जुळायच्या आधी प्लेट थकली तर खेळ संपला. वेळेत हाड जुळलं, तर प्लेटवरचा भार आपोआप उतरतो. परत येण्याची घाई म्हणजे या दोघांतली शर्यत, आणि ती टीव्हीवर दिसत नाही.

आता गुणतक्ता, कारण मोसमभराच्या गुणांची बेरीज ज्याची जास्त, तोच जगज्जेता. आसेनआधी होंडाचा डॅनी पेड्रोसा 123 गुणांवर होता, लोरेन्झो 116 वर आणि त्या वर्षीच वरच्या वर्गात आलेला 20 वर्षांचा मार्क मार्केझ 93 वर. आसेननंतर 136, 127, 113. मोडक्या खांद्याने लोरेन्झोने पेड्रोसाच्या तुलनेत फक्त दोन गुण गमावले होते. सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या रास्तच होत्या.

पंधरा दिवसांनी जर्मनीत झाक्सेनरिंगला शुक्रवारच्या सरावात लोरेन्झो पुन्हा उडाला आणि त्याच खांद्यावर पडला. प्लेट वाकली. परत बार्सिलोना, परत शस्त्रक्रिया, शर्यतीत शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी पेड्रोसाही पडला, त्याच्याही कॉलरबोनला तडा गेला आणि तोही बाद. म्हणजे गुणतक्त्यातले पहिले दोघे एकाच शर्यतीला गैरहजर. मार्केझ जिंकला, 25 गुण घेतले आणि पेड्रोसाच्या 23 मागे होता तो एका दुपारीत 2 गुणांनी पुढे गेला. आठवड्याने अमेरिकेत लगुना सेकाला तो पुन्हा जिंकला. लोरेन्झो सहावा, 10 गुण. त्यानंतर उन्हाळ्याची चार आठवड्यांची सुट्टी लागली. दुखापत या सुट्टीच्या तोंडावर झाली असती तर हाडाला महिनाभर फुकटात मिळाला असता. ती सुट्टीच्या महिनाभर आधी झाली आणि तीन शर्यती खाऊन गेली.

मोसमाअखेर मार्केझ 334, लोरेन्झो 330. लोरेन्झोने आठ शर्यती जिंकल्या होत्या, मार्केझने सहा.

चार गुणांचा फरक बघून 'दुखापत झाली नसती तर' असं म्हणायचा मोह कुणालाही होईल. पण थोडं थांबा. ऑस्ट्रेलियात फिलिप आयलंडला टायर दहा फेऱ्यांच्या वर टिकणार नाहीत म्हणून गाडी बदलणं सक्तीचं केलं होतं. मार्केझच्या टीमचा हिशेब चुकला, तो एक फेरी जास्त फिरला आणि त्याला काळा झेंडा दाखवून बाहेर काढलं. तिथे त्याचेही गुण गेलेच की. विजेतेपदाच्या हिशेबात एकाच्या दुखापतीला वेगळं काढून दाखवणं म्हणूनच फसवं असतं. मला उलट ते 11 गुण महत्त्वाचे वाटतात. आसेनला तो उतरला नसता तर शेवटच्या शर्यतीपर्यंत लढत एवढी चुरशीची राहिलीच नसती.

असं गणित आधीही बिघडलं होतं, आणि ते जास्त भयानक होतं. 1992 मध्ये ऑस्ट्रेलियाचा मिक डूहान पहिल्या सात शर्यतींत पाच विजय आणि दोन दुसरे क्रमांक घेऊन 130 गुणांवर होता. त्या काळी विजयाला 20 गुण होते. ठिकाण पुन्हा आसेनच. उजव्या पायाचं हाड मोडलं, आणि शस्त्रक्रियेनंतर पायाचा रक्तपुरवठाच बिघडला. पाय कापावा लागेल की काय अशी वेळ आली. शर्यतींचे डॉक्टर क्लॉदिओ कोस्टा यांनी त्याला इटलीला हलवलं आणि धड असलेला डावा पाय उजव्याला चक्क शिवून टाकला, म्हणजे चांगल्या पायाचं रक्त आजारी पायाला मिळत राहील. चार शर्यती हुकल्या. ब्राझीलला तो काडीसारख्या पायाने परतला, बारावा आला, गुण नाहीत. शेवटच्या शर्यतीत सहावा. अमेरिकेचा वेन रेनी 140 गुणांवर जगज्जेता झाला, डूहान 136 वर राहिला. इथेही चारच गुण! आणि रेनी स्वतः त्या मोसमात दुखापतीमुळे आसेनला उतरू शकला नव्हता.

डूहानच्या त्या उजव्या पायाला मागच्या ब्रेकचं पेडल पुन्हा नीट दाबता येईना. मग त्याच्यासाठी डाव्या हाताच्या अंगठ्याने दाबायचा मागचा ब्रेक तयार झाला. 1994 ते 1998 अशी सलग पाच विजेतेपदं त्याने नंतर जिंकली, आणि आज धडधाकट पायांचे रायडरही अंगठ्याचा ब्रेक हौसेने लावून घेतात, कारण उजव्या वळणात पूर्ण झुकल्यावर पायाला पेडलपर्यंत पोचायला जागाच उरत नाही.

घाई अंगाशी येणं म्हणजे काय, हे मात्र मार्केझनेच 2020 मध्ये दाखवून दिलं. 19 जुलै, स्पेनमधलं हेरेझ. सुरुवातीला ट्रॅकबाहेर जाऊन सोळाव्या क्रमांकावर घसरलेला मार्केझ एकेकाला मागे टाकत तिसरा झाला होता. शेवटच्या काही फेऱ्यांत मागचं चाक सुटलं. अशा वेळी घसरणारा टायर अचानक पकड घेतो, झुकलेली गाडी झटक्यात उभी होते आणि रायडरला वर भिरकावते. याला हायसाइड म्हणतात. उजव्या दंडाचं हाड मोडलं. 21 जुलैला प्लेट बसली. 25 जुलैला, चौथ्या दिवशी, तो त्याच ट्रॅकवर गाडीवर होता. दोन सराव केले आणि पात्रता फेरीत माघार घेतली. 3 ऑगस्टला प्लेट तुटल्यामुळे दुसरी शस्त्रक्रिया. घरातलं सरकतं दार उघडताना ती तुटली, असं सांगण्यात आलं. दाराने तुटली हे खरं मानलं, तरी आधीच थकलेली प्लेट दाराच्या वाट्याला आली असणार, एवढं धातूशास्त्र आपल्यालाही कळतं.

लोरेन्झोला जे जमलं ते मार्केझला का नाही? दंडाचं हाड लांब असतं. त्याला फक्त दाब सोसायचा नसतो, प्रत्येक वेळी हँडल ढकलताना पीळही सोसायचा असतो. प्लेटला तोच जास्त जाचतो. डिसेंबरमध्ये तिसरी शस्त्रक्रिया आठेक तास चालली. कमरेच्या हाडाचा तुकडा दंडात बसवला आणि हाड न जुळलेल्या जागी संसर्गही सापडला. मग कित्येक आठवडे अँटिबायोटिक. 2020 चा अख्खा मोसम गेला. त्या वर्षी 14 शर्यतींत नऊ वेगवेगळे विजेते झाले, सुझुकीचा जोआन मिर एकच शर्यत जिंकून 171 गुणांवर जगज्जेता झाला आणि मार्केझच्या होंडाला एकही विजय मिळाला नाही. एका माणसाचं दंडाचं हाड सगळ्या मोसमाचा तोल असा बिघडवू शकतं.

2021 मध्ये तो परतला, पण हात अर्धाच परतला होता. पहिला विजय 20 जूनला मिळाला, तोही झाक्सेनरिंगला. तिथे 13 वळणांपैकी 10 डावी आहेत. अधू उजव्या खांद्याला तिथे सर्वांत कमी त्रास. पुढचा विजय टेक्सासच्या ऑस्टिनला, तोही घड्याळाच्या उलट दिशेने फिरणारा ट्रॅक. दुखापतीतून परतलेल्या रायडरचे गुण बघताना मी म्हणूनच आधी नकाशा काढून डावी-उजवी वळणं मोजतो. नंतर कळलं की मार्केझचं हाड 30 अंशांहून जास्त फिरलेल्या स्थितीत जुळलं होतं. जून 2022 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ते मुद्दाम कापून, सरळ फिरवून पुन्हा बसवलं. ती चौथी शस्त्रक्रिया.

2023 पासून शनिवारी छोटी स्प्रिंट शर्यत आली. पूर्वी एक शनिवार-रविवार हुकला तर जास्तीत जास्त 25 गुण जायचे, आता 37 जातात. पडायच्या संधीही वाढल्या. त्याच सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी पहिल्यांदा भारतात आली, तेव्हा पात्रता फेरीत पडून मार्कचा भाऊ आलेक्स मार्केझ याच्या बरगड्या मोडल्या आणि स्प्रिंटच्या पहिल्याच वळणावर मार्को बेझेक्कीशी टक्कर होऊन लुका मारिनीची कॉलरबोन. रविवारची शर्यत बेझेक्की जिंकला, आणि तीन आठवड्यांच्या आत सराव करताना त्याचीही कॉलरबोन मोडली. तेव्हा तो विजेतेपदाच्या शर्यतीत तिसरा होता. काही दिवसांत प्लेट बसवून इंडोनेशियाला उतरला, स्प्रिंटमध्ये तिसरा आणि मुख्य शर्यतीत पाचवा आला.

उतरायचं की नाही हे एकटा रायडर ठरवत नाही. ट्रॅकवरचे मुख्य वैद्यकीय अधिकारी तपासून 'फिट' म्हणाले तरच गाडीवर बसता येतं. पण ती तपासणी त्या दिवशी हात हलतो का, जोर लागतो का, एवढंच सांगू शकते. फटीतलं हाड किती भरलंय आणि प्लेट किती थकलीय, हे जोर काढून दाखवता येत नाही.

28 सप्टेंबर 2025 ला जपानमध्ये मोतेगीला मार्क मार्केझने डुकाटीवर पुन्हा विजेतेपद मिळवलं, मोसमातले पाच शर्यतींचे आठवडे शिल्लक असताना. पुढच्याच रविवारी इंडोनेशियात बेझेक्कीच्या धडकेने तो खडीत फेकला गेला आणि उजव्या खांद्याला फ्रॅक्चर झालं. आधी नुसता हात बांधून पाहिला. आठवड्यात पुरेसं स्थैर्य येईना म्हणून माद्रिदला शस्त्रक्रिया केली. उरलेल्या चारही आठवड्यांच्या शर्यतींना तो उतरला नाही. गुण आधीच खिशात होते, त्यामुळे या वेळी हाडाला हवा तेवढा वेळ देणं त्याला परवडलं.