पैसे भरलेल्या क्लाउडचा पुरेपूर वापर : सांगली, मिरज, कुपवाडच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे गूगल वर्कस्पेस किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. कुणी आमच्याकडून घेतलं, कुणाला सीएंनी घ्यायला लावलं, कुणाला फर्मच्या नावाचा ईमेल हवा होता. दरवर्षी नूतनीकरणाचं बिल भरलं जातं, पण वापर ईमेलच्या पुढे जात नाही. सौद्याची यादी व्हॉट्सअपवर फिरते, ड्रॉइंग पेनड्राइव्हमध्ये असतं आणि पगारपत्रक अकाउंटंटच्या डेस्कटॉपवर. मग कुणीतरी म्हणतं, जागा कमी पडतेय, वरचा प्लॅन घेऊ या. तो घेण्याआधी हे पत्रक वाचा. मायक्रोसॉफ्टच्या साध्या बिझनेस बेसिक प्लॅनमध्येही प्रत्येक माणसामागे १ टीबी वनड्राइव्ह, म्हणजे इंटरनेटवर फाइल ठेवायची जागा, मिळतं. एखाद्या अडत दुकानाचे कित्येक वर्षांचे कागद त्यात बसतात.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. धंद्याची प्रत्येक फाइल एकाच ठिकाणी असावी, ती फर्मच्या मालकीची असावी आणि दुसऱ्याला द्यायची झाली तर प्रत न पाठवता लिंक पाठवावी.

फाइल नेमकी कुणाची?

आमच्याकडे सर्वांत जास्त फोन याच कारणाने येतात. दिवाणजी किंवा अकाउंटंट नोकरी सोडतात आणि मागाहून कळतं की उधारीची शीट त्यांच्या स्वतःच्या जीमेलवर होती. गूगल ड्राइव्हमधली फाइल ज्या खात्यातून तयार झाली, त्या खात्याची असते. तुम्हाला ती रोज दिसत होती म्हणून ती तुमची होत नाही. त्या माणसाने खातं बंद केलं की फाइलही जाते, आणि त्यात त्याचा वाईट हेतू असावाच लागतो असं नाही.

यावर उपाय तुमच्या प्लॅनमध्येच असतो. गूगलमध्ये शेअर्ड ड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टमध्ये शेअरपॉइंट किंवा टीम्सचं फोल्डर वापरा. तिथल्या फाइलची मालकी संस्थेकडे राहते, माणूस आला-गेला तरी फाइल हलत नाही. तुमच्या प्लॅनमध्ये शेअर्ड ड्राइव्ह आहे का, हे आम्ही तपासून देऊ. जो कर्मचारी सोडून चाललाय त्याचं खातं लगेच डिलीट करू नका. आधी पासवर्ड बदला, फाइल दुसऱ्या खात्याच्या नावावर करा, आणि मगच खातं काढा.

मोफत जीमेलवर धंदा चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. तिथली १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असते. ती भरली की नवीन मेल येणंच थांबतं. एखाद्या खरेदीदाराची ऑर्डर अशीच परत जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. दुसरं म्हणजे, दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं. जुने कागद ठेवलेलं एखादं विसरलेलं जीमेल असेल तर आजच उघडून बघा.

प्रत नको, लिंक द्या

कुपवाड एमआयडीसीतल्या मशीन शॉपवाल्यांना हे दोन वाक्यांत पटतं. ग्राहकाने ड्रॉइंग बदलून पाठवलं, ऑफिसने ते व्हॉट्सअपवर फॉरवर्ड केलं, पण ऑपरेटरच्या फोनमध्ये जुनं आणि नवं दोन्ही होतं. त्याने जुनं उघडलं आणि आख्खा लॉट रिजेक्ट झाला.

असं करून बघा. प्रत्येक पार्टची पीडीएफ फर्मच्या गूगल ड्राइव्हमध्ये एकदाच ठेवा. नवीन रिव्हिजन आली की वेगळी फाइल टाकू नका. जुन्या फाइलवर राइट क्लिक करून मॅनेज व्हर्जन्समधून नवी पीडीएफ चढवा. लिंक तीच राहते आणि उघडल्यावर नवीन ड्रॉइंगच दिसतं. त्या लिंकचा क्यूआर कोड छापून जॉब कार्डवर चिकटवा. शॉप फ्लोअरवरच्या टॅबला फक्त बघण्याचा अधिकार असलेलं खातं द्या, म्हणजे कुणाच्या हातून काही पुसलं जाणार नाही. एवढंच लक्षात ठेवा, की पीडीएफ किंवा ऑटोकॅडसारख्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या गूगल ३० दिवसांनी किंवा १०० आवृत्त्यांनंतर काढून टाकतं. ग्राहकाच्या ऑडिटला जुनी रिव्हिजन दाखवावी लागत असेल, तर त्या आवृत्तीवर कीप फॉरेव्हर करून ठेवा.

मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीवर किंवा तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहात गरज वेगळी असते. तिथे हंगामात एकाच यादीवर तिघे-चौघे काम करतात. एक जण आवक आणि वजन टाकतो, दुसरा भाव, तिसरा पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशेबाचा कागद, काढतो. एक्सेलची फाइल एकाने उघडली की दुसऱ्याला लॉक दिसते, मग तो प्रत काढतो आणि संध्याकाळी दोन यादींचा मेळ बसत नाही. हीच फाइल वनड्राइव्हमध्ये ठेवून ऑटोसेव्ह चालू केलं की सगळे एकाच वेळी लिहू शकतात. फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारातली असेल तर आधी एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करा, नाहीतर ही सोय चालत नाही. गूगल शीट वापरत असाल तर भावाचा कॉलम प्रोटेक्ट करून ठराविक माणसालाच बदलू द्या. एखादा आकडा कुणी आणि कधी बदलला, हे त्या सेलवर राइट क्लिक करून एडिट हिस्टरीत दिसतं. शेतकऱ्याच्या पट्टीवरून वाद झाला तर ही नोंद फार उपयोगी पडते.

लिंक कुणाच्या हातात जाते?

शेअर करताना ‘लिंक असलेलं कुणीही’ हा पर्याय सोपा वाटतो म्हणून निवडला जातो. शेतकऱ्यांचे आधार, पासबुक, सातबारा असलेल्या फोल्डरची अशी लिंक एका ग्रुपवर गेली की ती पुढे कुठे जाईल हे कुणाच्याच हातात उरत नाही. आम्हाला या बाबतीत कडक वागावंसं वाटतं. लोकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत हे. शिवाय डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. असं फोल्डर नाव घेऊन, ठराविक ईमेललाच शेअर करा. सीएंना किंवा बँकेला थोड्या दिवसांपुरतं द्यायचं असेल तर मुदत घालून द्या. बिझनेस प्लॅनमध्ये ही सोय बहुधा असते. आणि बघण्याचा अधिकार पुरत असेल तिथे बदलण्याचा देऊ नका.

सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत

सिंक केलेलं ड्राइव्हचं फोल्डर आरशासारखं असतं. कॉम्प्युटरवर फाइल पुसली की क्लाउडवरूनही पुसली जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी फाइल अडकवणाऱ्या व्हायरसने, फाइल कुलूपबंद केल्या तर त्या कुलूपबंद फाइलच वर चढतात. यातून परत यायला मुदत असते, ती माहीत हवी. गूगलमध्ये ट्रॅशमधली फाइल ३० दिवस राहते, आणि ट्रॅशमधून गेल्यावरही वर्कस्पेसचा ॲडमिन पुढचे २५ दिवस ती परत आणू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या बिझनेस खात्यात रिसायकल बिनची मुदत ९३ दिवस आहे, आणि आख्खं वनड्राइव्ह गेल्या ३० दिवसांतल्या एखाद्या वेळेवर मागे नेता येतं. म्हणून फाइल दिसत नाही असं लक्षात आलं की त्याच दिवशी फोन करा. तीन महिन्यांनी केलात तर आमच्याही हातात काही नसतं.

टॅलीबद्दल आमचं स्पष्ट मत आहे. टॅलीचं चालू डेटा फोल्डर ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंकमध्ये ठेवू नका. टॅली लिहीत असतानाच सिंकही त्याच फाइल उचलतं आणि डेटा खराब होण्याची भीती राहते. डेटा नेहमीच्या जागी ठेवा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या आणि तो बॅकअप क्लाउडच्या फोल्डरमध्ये टाका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, म्हणून दर मार्चअखेरचा बॅकअप वेगळा ठेवा आणि त्याला हात लावू नका. तुमची फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर ऑगस्ट २०२२ मधल्या नियमदुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर लागतो. तुमचा बॅकअप कुठे जातो ते सीएंबरोबर बसून पाहून घ्या.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा बॅकअपचा जुना नियम आहे. सांगलीत तो समजावून सांगावा लागत नाही. २००५, २०१९, २०२१ चे महापूर सगळ्यांना आठवतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. कॉम्प्युटर आणि त्याच्या बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलात असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. गावभाग, हरभट रोड, मारुती चौक या भागातल्या ग्राहकांना विनंती, की मे महिन्यातच भाडेकरार, विमा पॉलिसी, परवाने आणि स्टॉक रजिस्टर स्कॅन करून ठेवा. विम्याचा दावा करताना पुरापूर्वीच्या स्टॉकचा पुरावा लागतो. दुकानाचा आणि गोडाऊनचा, मालासकट काढलेला फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.

मराठी कागदांसाठी

याकडे कुणी लक्ष देत नाही म्हणून थोडं सविस्तर. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं ड्राइव्हमध्ये चढतात खरी, पण फोनवर उघडली की अक्षरांचा चुथडा दिसतो आणि ‘तासगाव’ असं शोधलं तर सापडत नाहीत. कारण त्या फाइलच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. मराठीचं रूप फॉन्ट देतो. नवीन सगळं टायपिंग युनिकोडमध्ये करा, त्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात. जुन्यांपैकी जी पत्रं पुन्हा लागतात, तेवढीच युनिकोडमध्ये बदलून घ्या.

छापील मराठी कागदाचा स्वच्छ फोटो ड्राइव्हमध्ये टाकून गूगल डॉक्सने उघडला तर त्यातला मजकूर टाइप होऊन समोर येतो. जोडाक्षरं आणि आकडे मात्र डोळ्यांखालून घालायलाच हवेत. हस्ताक्षरावर भरवसा ठेवू नका. ज्यांना टायपिंग जड जातं त्यांनी गूगल डॉक्समध्ये व्हॉइस टायपिंगची भाषा मराठी करून बोलून बघावं. काही ज्येष्ठ मालक आता स्वतःची पत्रं स्वतः बोलून लिहितात, हे पाहून आम्हाला फार बरं वाटतं.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा. यादी आपोआप तारखेप्रमाणे लागते.

नेट गेलं तर

वनड्राइव्हमध्ये फाइलजवळ ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल फक्त क्लाउडवर आहे, कॉम्प्युटरवर नाही. रोज लागणाऱ्या फोल्डरवर राइट क्लिक करून ती या कॉम्प्युटरवर कायम ठेवायला सांगा. गूगल ड्राइव्हमध्येही ऑफलाइनची सोय आहे. लाइट किंवा नेट गेलं तरी काम चालू राहतं, आणि नेट आलं की बदल वर जातात.

लॉगिन

प्रत्येक खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, लावा. चौघांत एक पासवर्ड वाटू नका, नाहीतर कुणी काय केलं हे कधीच कळत नाही. ॲडमिनची खाती दोन असावीत आणि रिकव्हरीचा फोन नंबर मालकांचा असावा. आमचाही नको, अकाउंटंटचाही नको. फसवणूक होऊन पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करा.

आमच्या भेटीबद्दल

ही सगळी मांडणी करून देण्याचं काम वार्षिक देखभाल करारातच येतं, त्याचा वेगळा आकार नाही. आमचा माणूस येण्याआधी एवढं तयार ठेवा : सध्या कामावर असलेल्यांची आणि अलीकडे सोडून गेलेल्यांची यादी, फर्मच्या नावाने चालणारे सगळे ईमेल आयडी, आणि कुठल्या फाइल कुणी बघायच्या नाहीत याचा मालकांचा निर्णय. हा शेवटचा निर्णय आम्ही तुमच्या वतीने घेत नाही. हंगाम चालू असेल तर दुपारनंतरची वेळ सांगा, सकाळी सौद्याच्या वेळेत आम्ही कॉम्प्युटरला हात लावणार नाही.