पार्श्वभूमी : ‘टॉम जोन्स’मधला नायक आणि खलनायक

हेन्री फील्डिंगची ‘टॉम जोन्स’ ही कादंबरी फेब्रुवारी १७४९मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. वर्षभरात तिच्या चार आवृत्त्या निघाल्या, आणि तिच्या नायकाला नायक म्हणावे की नाही हा वादही तेव्हापासूनच चालू आहे. या वादाचे मूळ टॉमच्या प्रेमप्रकरणांत शोधण्याची रीत पडली आहे. प्रत्यक्षात ते कादंबरीच्या आधीच्या दहा-बारा वर्षांत सापडते.

फील्डिंग मुळात नाटककार होता. सत्ताधाऱ्यांची रेवडी उडवणारी त्याची प्रहसने सरकारला झोंबली, १७३७मध्ये नाटकांना पूर्वपरवानगी सक्तीची करणारा कायदा आला आणि त्याची रंगभूमी सुटली. मग तो वकिलीकडे वळला, १७४०मध्ये बॅरिस्टर झाला, आणि ‘टॉम जोन्स’ बाहेर पडली त्या सुमारास बो स्ट्रीटवर दंडाधिकारी म्हणून काम पाहू लागला होता. त्याच १७४०च्या अखेरीस लंडनमधल्या एका मुद्रकाने लिहिलेली, तरुण मोलकरणीच्या पत्रांतून उलगडणारी कादंबरी आली आणि वाचकांनी ती डोक्यावर घेतली. शील राखल्याचे बक्षीस म्हणून त्या मुलीचे मालकाशी लग्न होते. या हिशेबी सद्गुणाची फील्डिंगला मनापासून चीड होती, आणि पुढच्याच वर्षी त्याने त्या कादंबरीचे विडंबन लिहिले. सद्गुणी असणे आणि सद्गुणी दिसणे यांतले अंतर त्याला तेव्हापासून खुणावत होते.

कादंबरीच्या मूळ शीर्षकात टॉमची ओळख ‘सापडलेले मूल’ अशी करून दिलेली आहे, आणि मराठीत तिच्याविषयी लिहिताना इथेच घोळ होतो. ‘अनाथ’ हा शब्द चटकन हाताशी येतो. पण अनाथ म्हणजे ज्याला आईबापांचे छत्र उरलेले नाही असा, आणि ऑलवर्दी नावाच्या जमीनदाराच्या बिछान्यात कोणी तरी ठेवून गेलेल्या या बाळाचे आईबाप कोण हेच मुळी कुणाला ठाऊक नसते. ‘अनौरस’ हा शब्द आणखी वेगळा. तो कायद्याचा आहे, आणि तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात अनौरस मुलाला आईबापांच्या मालमत्तेत वारसाहक्क नव्हता. जुन्या अद्भुत कथांत असे मूल शेवटी हमखास कुलीन घरातले आणि रीतसर लग्नाचे निघते. फील्डिंगने तसे केले नाही. टॉम हा ऑलवर्दीच्याच बहिणीचा मुलगा निघतो, पण तिचे त्याच्या बापाशी लग्न झालेलेच नव्हते; म्हणजे अखेरच्या पानापर्यंत तो अनौरसच राहतो. औरस मुलगा आहे तो ब्लिफिल, म्हणजे त्याच बहिणीला पुढे लग्नानंतर झालेला टॉमचा सावत्र भाऊ. जन्माचा कागद खलनायकाकडे आणि मामाची मर्जी नायकाकडे, ही मांडणी एका वकिलाने जाणूनबुजून केलेली आहे, आणि तिच्या धाडसाची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही.

टॉम आपल्यासमोर येतो तोच चोर म्हणून. फळबागेतली सफरचंदे, एका शेतकऱ्याचे बदक आणि ब्लिफिलच्या खिशातला चेंडू अशा तीन चोऱ्या त्याच्या नावावर आहेत, आणि हा पोरगा फासावरच जाणार असे घरादाराचे मत आहे. बदक अख्खे आणि सफरचंदे बरीचशी शिकारी रानाच्या राखणदाराच्या घरी गेली, हे लेखक जाता जाता सांगतो. ब्लिफिल मात्र अवगुणाचा डाग नसलेला मुलगा. टॉमने शेजारच्या जमीनदाराची मुलगी आणि पुढे त्याची प्रेयसी होणारी सोफिया हिला भेट दिलेला आणि तिने ‘टॉमी’ असे नाव ठेवलेला छोटा पक्षी एके दिवशी तो सोडून देतो. टॉम पक्ष्यासाठी झाडावर चढतो, फांदी मोडून खाली कालव्यात पडतो, आणि पक्षी ससाणा उचलून नेतो. जीवाला कोंडून ठेवणे निसर्गनियमाला धरून नाही, असा ब्लिफिलचा खुलासा असतो. त्यावर दोन्ही शिक्षक, म्हणजे धर्माचा कैवारी थ्वॅकम आणि तत्त्वज्ञ स्क्वेअर, तात्त्विक वाद घालत बसतात. सबंध कादंबरी या प्रसंगात बीजरूपाने आहे.

म्हणूनच ‘खलनायक’ हा आपल्या रंगभूमीवरून आलेला शब्द ब्लिफिलला नीटसा बसत नाही. तो खोटे बोलण्याआधी खरे बोलून काम साधतो. आजारात ऑलवर्दीच्या जिवावर बेतले त्याच दिवशी टॉम दारू पिऊन गात होता, ही गोष्ट खरीच आहे. मामा वाचल्याच्या आनंदात तो प्यायला, एवढेच ब्लिफिल गाळतो, आणि ऑलवर्दी टॉमला घराबाहेर काढतो. आईने मरताना वकिलाकरवी पाठवलेले, टॉमचा जन्म उघड करणारे पत्रही तो निव्वळ दडवून ठेवतो.

सर्वांत मोठा वाद मात्र पन्नास पौंडांचा आहे. लंडनमध्ये कफल्लक झालेला टॉम लेडी बेलॅस्टन या उच्चभ्रू श्रीमंत बाईशी संबंध ठेवतो आणि तिच्याकडून पन्नास पौंडांची नोट घेतो. त्यानंतर तिच्याच पैशांवर त्याच्या अंगावर चांगले कपडे येतात. एकोणिसाव्या शतकात एका नामवंत कादंबरीकाराने आपल्या व्याख्यानांत, अब्रू भाड्याने देणारा नायक आपल्याला मान्य नाही, असे स्वच्छ सांगितले, आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी तोच निकाल उचलून धरला. त्याच नोटेचे पुढे काय होते हे या टीकेत क्वचितच येते. घरमालकीण मिसेस मिलरचे नातलग उपासमारीत असल्याचे कळताच टॉम पन्नास पौंडांची थैली तिच्यापुढे धरतो, आणि ती त्यातल्या दहा गिनी घेते. त्या कुटुंबाचा कर्ता पुरुष म्हणजे वाटेत टॉमला लुटायला आलेला वाटमाऱ्या. पैसा कुठून आला हे टॉमला झाकता येत नाही आणि लेखकही ते झाकत नाही. त्याच्या उदारपणाने दोष धुतला गेला असेही कुठे म्हटलेले नाही. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवलेल्या आहेत, आणि नेमके हेच टीकाकारांना सहन झाले नाही.

याची सैद्धांतिक बाजू १७५०मध्येच मांडली गेली होती. त्या काळच्या एका थोर कोशकाराने आपल्या नियतकालिकात लिहिले, की गुण-अवगुण एकाच माणसात मिसळून दाखवले तर तरुण वाचकाला अवगुणाची किळस वाटेनाशी होते. फील्डिंगने याचे उत्तर कादंबरीतच आधी देऊन ठेवले होते : एखादे पात्र संपूर्ण चांगले नाही म्हणून त्याला वाईट ठरवू नका.

दुय्यम पात्रांत कुत्र्यांवर आणि मुलीवर सारख्याच आरडाओरड्याने प्रेम करणारा सोफियाचा बाप स्क्वायर वेस्टर्न आणि टॉमचा प्रवासातला सोबती, भित्रा, बडबड्या पार्ट्रिज हे दोघे वाचकांच्या सर्वाधिक लक्षात राहिले. ऑलवर्दी त्यांच्यापुढे फिका वाटतो. सज्जन माणूस इतक्या सहज फसतो, हे सांगण्यासाठी तो तसा असणे भाग होते.

पुढच्या रूपांतरांनी पात्रांचे वजन बदलले. पॅरिसमध्ये १७६५मध्ये या कथेवर संगीतिका आली. १९६३च्या ब्रिटिश चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले. त्यात टॉमला थेट फासापर्यंत नेऊन ऐन वेळी सोडवले जाते, तर पुस्तकातला टॉम तुरुंगाच्या पुढे जात नाही. पन्नास पौंडांचा काच पडद्यावर बराच सैल झाला आणि टॉम आवडता खट्याळ पोरगा बनला. २०२३च्या दूरचित्रवाणी मालिकेने वजन सोफियाकडे नेले : तिथे तिची आई जमैकात गुलाम असलेली आफ्रिकी स्त्री आहे. मूळ कादंबरीत जन्माचे ओझे एकट्या टॉमच्या डोक्यावर होते. या मालिकेत ते दोघांच्या डोक्यावर येते.