हेडसेट, सायकलचा

सायकलच्या सांगाड्याच्या पुढच्या उभ्या नळीत चिमट्याचा (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कचा) दांडा न डगमगता फिरता ठेवणारी बेअरिंगांची जोडणी. वरची व खालची वाटी, त्यांतले छर्रे, चिमट्याच्या खांद्यावर घट्ट बसवलेला कोन (छर्रे ज्यावर फिरतात ते उतरते कडे) आणि वरून दाब देणारा भाग मिळून ती पुरी होते. रस्त्याचे धक्के मुख्यतः खालच्या वाटीवर येत असल्याने झीजही बहुधा तिथूनच सुरू होते.

सायकलीत छऱ्यांच्या बेअरिंगची सुरुवात पॅरिसच्या झ्यूल स्युरिरे याच्या १८६९ मधील पेटंटापासून धरण्याचा प्रघात आहे. मात्र त्याचा संबंध हँडलाशी नसून मुख्यतः चाकाच्या आसाशी होता. दोन वाट्यांची सध्याची रचना साधारणपणे १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, चौकटीच्या सायकलीबरोबर रुळली असावी. आटे पाडलेल्या दांड्यांत १ इंच व्यास व इंचाला २४ आटे हे माप सर्वांत रूढ. जुन्या फ्रेंच सायकलींचा दांडा २५ मिमी. व्यासाचा व १ मिमी. अंतराच्या आट्यांचा असे, तर रॅले या ब्रिटिश कंपनीच्या अनेक जुन्या सायकलींत इंचाला २६ आटे आढळतात. एका मापाचा नट दुसऱ्यावर जबरदस्तीने चढवल्यास दांडाच निकामी होतो. बिनआट्याच्या प्रकाराचे पेटंट जॉन रेडर यांना १९९२ मध्ये मिळाले व डाया-कॉम्प या कंपनीने तो ‘अहेडसेट’ नावाने बाजारात आणला.

ढिलाई तपासताना पुढचा ब्रेक दाबून, खालची वाटी व चिमटा यांच्या सांध्यावर बोट ठेवून सायकल पुढेमागे हलवतात. खटका बोटाला लागला तर दोष याच सांध्याचा. ब्रेकमधली मोकळीकही हातांना अशीच भासते, त्यामुळे चाक आडवे वळवून पुन्हा पाहणे बरे.

बिनआट्याच्या प्रकारात आधी स्टेमचे (हँडल दांड्याला जोडणाऱ्या भागाचे) बाजूचे बोल्ट सैल करावे लागतात. ते तसेच ठेवून वरच्या टोपीचा बोल्ट पिळत राहणे ही नेहमीची चूक. त्याने दाब बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. दांड्याचे टोक स्टेमच्या काठापेक्षा २-३ मिमी. खाली नसेल तरीही तेच होते, कारण टोपी दांड्यावरच टेकते. वरचा बोल्ट थोडा थोडा आवळून खटका गेला की स्टेम चाकाच्या रेषेत आणून बाजूचे बोल्ट त्यावर छापलेल्या मर्यादेइतकेच आवळतात. आटेवाल्या प्रकारात वरची वाटी पातळ पान्याने धरून चेकनट (तिच्यावरचा, तिला जागी पक्का करणारा नट) आवळतात. त्या वेळी आट्यांमधली मोकळीक भरून निघते आणि वाटी किंचित खाली दबते, म्हणून ती आधी केसभर सैलच ठेवायची. शेवटी पुढचे चाक उचलून सायकल कलती केली असता हँडल न अडखळता बाजूला पडले पाहिजे.

हँडल मधोमध आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडकत असेल, तर वाट्यांत छऱ्यांचे खळगे पडलेले असतात. त्यांच्या कारणाविषयी मतभेद आहेत. जुन्या मतानुसार रस्त्याच्या धक्क्यांनी छर्रे धातूत रुततात, जसा स्वीडिश अभियंता योहान ऑगस्ट ब्रिनेल याच्या १९०० मधील कठिणता-चाचणीत गोळा रुतवला जातो. अमेरिकी अभियंता जोब्स्ट ब्रँट यांनी हे अमान्य केले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सरळ चालणाऱ्या सायकलीचा चिमटा सतत सूक्ष्मपणे लवतो. छर्रे जागच्या जागी थरथरतात, ग्रीसचा थर हटतो आणि धातूवर धातू घासून कण उखडतात. धक्क्याचा भार अनेक छऱ्यांत वाटला जातो, आणि नीट जुळवलेल्या हेडसेटमध्येही खळगे पडतात. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. रेल्वेने नेलेल्या मोटारींच्या न फिरलेल्या चाकांच्या बेअरिंगांत असेच व्रण आढळल्याच्या १९३० च्या दशकातील नोंदी त्याला पूरक आहेत. तथापि ढिल्या सांध्यात आदळआपट होतेच, त्यामुळे पहिले कारण सर्वस्वी बाद करता येत नाही.

खळगे पडलेला हेडसेट आवळून सुधारत नाही. अडकणे जावे म्हणून सैल केल्यास पुन्हा खटका येतो. पिंजऱ्यातले (छर्रे ठरावीक अंतरावर धरणाऱ्या कड्यातले) छर्रे काढून सुटे छर्रे भरल्यास त्यांची संख्या वाढते व ते खळग्यांशी जुळत नाहीत. हा उपाय तात्पुरता. १ इंची हेडसेटमध्ये बहुधा ५/३२ इंचाचे छर्रे लागतात. सीलबंद बेअरिंग बदलताना व्यासाबरोबर कडेवर कोरलेले कोन, उदाहरणार्थ ३६ व ४५ अंश, जुळवून पाहावे लागतात; कोन चुकल्यास नवी जोडणीही नीट बसत नाही व पुन्हा ढिली पडते.