प्रीलोडिंग (ऑटोमेटेड टेस्टमधलं)

जड मॉड्यूल एकदाच मेमरीत चढवायची, मग त्या तयार प्रोसेसचे फोर्क (म्हणजे चालू प्रोसेसच्या हुबेहूब प्रती) काढून प्रत्येक फोर्कमध्ये एकेक टेस्ट फाइल चालवायची, ही पद्धत. जास्त करून पर्ल आणि रूबीवाल्यांची. पर्लचा 'प्रूव्ह' (टेस्ट चालवणारी कमांड) दर फाइलला नवा इंटरप्रिटर उठवतो, म्हणजे मूस (पर्लचं क्लास-ऑब्जेक्टसाठीचं जड मॉड्यूल) वगैरे चढायला समजा अर्धा सेकंद लागला तर 600 फाइलींचे 300 सेकंद त्यातच गेले.

मूळ कुठलं यावर एकमत होणं कठीण. काहीजण इमॅक्स एडिटरच्या 'अनएक्झेक'पर्यंत मागे जातात, पण तिथे लोड झालेली मेमरी डिस्कवर उतरवून नवी एक्झिक्युटेबल बनवायचे, फोर्कचा संबंध नाही, त्यामुळे ते लांबचं नातं म्हणावं. मॉड-पर्ल (अपाची वेब सर्व्हरमध्ये पर्ल बसवणारं, साधारण 1996) जास्त जवळचं वाटतं: अपाचीच्या पॅरेंट (मूळ) प्रोसेसमध्ये मॉड्यूल आधी चढवायची आणि चाइल्ड प्रोसेसनी, म्हणजे तिच्या फोर्कनी, ती मेमरीची पानं कॉपी-ऑन-राइटने (कोणी लिहिलं तरच त्या पानाची वेगळी कॉपी) वाटून घ्यायची. टेस्टसाठी हेच रूबीत 'स्पॉर्क'ने (2009 च्या आसपास) केलं, पर्लमध्ये मियागावा या प्रोग्रॅमरच्या 'फोर्कप्रूव्ह'ने, पुढे 'याथ' या टेस्ट-रनरने. रूबीच्या रेल्स या वेब फ्रेमवर्कने 4.1 मध्ये (2014) 'स्प्रिंग' हा प्रीलोडर डिफॉल्ट दिला आणि 7 मध्ये नव्या ॲपमधून काढूनही टाकला.

पानं वाटली जातात हे अर्धसत्य आहे हं. पर्लमध्ये रेफरन्स काउंट (व्हॅल्यूकडे किती जण बोट दाखवतात तो आकडा) व्हॅल्यूला चिकटूनच असतो, नुसता रेफरन्स घेतला तरी पान लिहिलं जातं आणि कॉपी होतं. रूबीचा जुना जीसी (नको असलेली मेमरी गोळा करणारा गार्बेज कलेक्टर) 'हे अजून वापरात आहे' अशी खूण, म्हणजे मार्क बिट, ऑब्जेक्टमध्येच ठेवायचा, ते 2.0 ने (2013) बिटमॅप वेगळा काढून सोडवलं. पण टेस्टमध्ये खरी बचत मेमरीची नाही, कंपाइलच्या वेळेची, ती तशीही मिळतेच.

तोटे मात्र चिवट. कोडमध्ये 'यूज' (पर्लमध्ये मॉड्यूल चढवायची ओळ) लिहायचं राहिलं तरी मॉड्यूल आधीच चढलेलं असल्यामुळे टेस्ट पास होते आणि कोड प्रोडक्शनमध्ये आपटतो. पर्लच्या पॅरेंटमध्ये 'रँड' (रँडम आकडा देणारं फंक्शन) एकदा जरी चालला तर सगळ्या फोर्कना तेच आकडे, मग त्यावरून बनवलेली टेंपररी फाइलींची नावं भिडू शकतात. डेटाबेस कनेक्शन फोर्कच्या आधी उघडलं तर एकाच सॉकेटवर (कनेक्शनच्या टोकावर) पॅरेंट आणि फोर्क दोघं बोलतात. 'फाइंडबिन' (चालू स्क्रिप्ट कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारं मॉड्यूल) पॅरेंटचाच पाथ धरून बसतो. म्हणून याथमध्ये फाइलीच्या वर 'हार्नेस-नो-प्रीलोड' अशी कमेंट टाकून तेवढी फाइल बाजूला काढता येते.

विंडोजवर खरा फोर्क नसल्याने तिथे फारसा उपयोग नाही.